एका दिवसाचा राजा आणि सहाशे साठ सुऱ्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दुबईतील एका बऱ्यापैकी प्रतिष्ठित हॉटेलच्या बॉलरूममध्ये, एका शनिवारी भर दुपारी, दोनशे वीस पाहुण्यांसमोर सहाशे साठ सुऱ्या ओळीने मांडलेल्या असताना, एक शस्त्र आणण्यात आले. असे शस्त्र आणण्यास सक्त मनाई होती. मनाईची पूर्ण कल्पना असूनही सदर प्रकारात प्रस्तुत लेखिकेने पुढाकार घेतला. तिला त्याचा तिळमात्र पश्चात्ताप नाही. कळावे.

हुश्श. आता ब्लेझर काढून ठेवते आणि माणसासारखी बोलते.

मी वसईची. बावीस वर्षं एकाच हॉटेलात बँक्वेट सांभाळते. म्हणजे लग्नं, साखरपुडे, कंपन्यांची जेवणं, निवृत्त होणाऱ्या साहेबांची खोटी रडारड. लोकांना वाटतं माझं काम फुलं लावणं आणि हसणं. माझं खरं काम सुऱ्या मोजणं. माणशी तीन: एक जेवणाची, एक लोण्याची, एक फळाची. कार्यक्रमाआधी मोजायच्या, नंतर पुन्हा मोजायच्या, आणि एक कमी भरली तर रबरी हातमोजे घालून कचऱ्याच्या पिशव्या उपसायच्या. इतक्या वर्षांत डोळ्यांना अशी खोड लागली आहे की पातं दिसलं की मला आधी आकडा दिसतो, मग पातं. ही खोड मला पुढे नडली. सांगते.

पण पाती आणि मनाई यांच्याशी माझा संबंध हॉटेलपेक्षा जुना आहे. पहिल्यांदा या देशात उतरले तेव्हा माझ्या बॅगेत विळी होती. आमच्याकडच्या बाईला सुरीने मासा कापता येतो, नाही असं नाही, पण तो कापल्यासारखा दिसत नाही, जखमी झाल्यासारखा दिसतो. तर विमानतळावर तपासणीच्या टेबलावर ती विळी निघाली. लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, टोकाला खवणीचे दात. पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्यातला, तरुण अधिकारी तिच्याकडे बघतच राहिला.

"व्हॉट इज धिस?"

"किचन," मी म्हटलं.

"नो सिस्टर. धिस इज नॉट किचन."

तेव्हाचं माझं इंग्रजी तिथेच संपलं. मग मी काय केलं? खाली बसले. त्या आरशासारख्या फरशीवर, स्कर्ट सावरून, एक पाय दुमडून पाटावर ठेवला, हातात नसलेली सुरमई धरली, तिची खवलं काढली, कल्ले काढले, पोट साफ केलं आणि व्यवस्थित सहा तुकडे केले. डोकं कालवणासाठी बाजूला ठेवलं. मागची सगळी रांग थांबली होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्याने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं आणि म्हणाला, "खलास, खलास. यल्ला, सिस्टर, गो."

ती विळी आजही माझ्या ओट्याखाली आहे. त्या दिवशी मला एवढं कळलं की मनाई करणारा माणूस पातं बघत नाही, हात बघतो. हात बाईचा आहे, मासे कापणारा आहे, असं त्याला पटलं की तलवारसुद्धा किचन होते.

आता माझी शेजारीण. इंटरनॅशनल सिटीत आमची दारं समोरासमोर आहेत आणि हॉटेलातही आम्ही एकत्र: मी बँक्वेटला, ती बेकरीची मुख्य. ती मलेशियातल्या पेराक राज्यातली. बारा वर्षं आमच्या दोन दारांमधून भरलेल्या वाट्या फिरताहेत. माझे फुगे, म्हणजे आमच्या वसईचे तळलेले गोल पाव, तिकडे जातात, तिचा नारळाच्या दुधातला भात इकडे येतो. रिकामी वाटी परत करायची नाही, एवढा एकच करार. तिचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला. त्याला हिंदीत विचारा, मलयमध्ये विचारा, मी तर मुद्दाम मराठीत विचारते, उत्तर इंग्रजीतच येणार.

त्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी त्यांच्यातलीच, अबुधाबीच्या एका शाळेत शिकवणारी. हॉल अर्थातच आमच्या हॉटेलचा, केक अर्थातच आईच्या हातचा. आणि लग्नाच्या तीन आठवडे आधी मुलाचे आजोबा, म्हणजे माझ्या शेजारणीचे वडील, पेराकहून आले. त्यांच्या भाषेत आजोबांना तोक म्हणतात, म्हणून मीही त्यांना तोकच म्हणायला लागले. ऐंशीच्या पुढचे, काडीसारखे सडपातळ, आणि ताठ. सोफ्यावर टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

त्यांच्याबरोबर आली केरिस.

केरिस म्हणजे मलय लोकांची कट्यार. दीड-दोन वीत लांब, पातं सापासारखं वळणावळणाचं, मूठ पक्ष्याने मान वाकवल्यासारखी. मुठीजवळ पातं एका बाजूला रुंद होतं, दुसऱ्या बाजूला नाही, मुद्दाम असं. वळणं मोजायची तर ती नेहमी विषम. तोकांच्या केरिसला नऊ. लोखंडावर लोखंड घडी घालून ठोकलेलं, त्यामुळे पात्यावर ओल्या वाळूसारखी नक्षी. ती पुरातन वस्तू म्हणून आली होती, दोन्ही देशांचे शिक्के असलेल्या कागदांसकट. दोन सरकारांनी हो म्हटलं होतं. नाही म्हणणारं एकच सरकार उरलं होतं, ते म्हणजे आमचं हॉटेल.

आमच्याकडे नियम आहे: पाहुण्यांनी धारदार किंवा टोकदार वस्तू, शोभेचीसुद्धा, कार्यक्रमात आणू नये. खाली जनरल मॅनेजरची सही. जनरल मॅनेजर इंग्रज आहेत, अस्सल तिकडचे. सौम्य गृहस्थ, लिलीच्या फुलांनी शिंकतात, बाकी कोणाला त्रास नाही. आणि नियम पाळून घेणारा मनुष्य आमच्या सातारा जिल्ह्यातला, सिक्युरिटीचा प्रमुख, फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार. सगळे त्याला सर म्हणतात, मी सुभेदार म्हणते, तो मला ताई म्हणतो. हॉटेलात तो इंग्रजी बोलतो, इस्त्री केलेलं. फक्त रक्त डोक्यात चढलं की भाषा थेट सातारला जाऊन पोचते.

सुभेदाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. दरवर्षी खंडेनवमीला सकाळी सिक्युरिटीच्या खोलीत वॉकीटॉकी ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. आणि बॉलरूमच्या दाराशी जी धातू शोधणारी कमान आहे, जिच्याखालून गेलं की किणकिणतं, तिच्या दोन्ही खांबांना हळदकुंकू. मी एकदा म्हटलं, "सुभेदार, शस्त्र पकडणाऱ्या यंत्राची शस्त्रपूजा?" तो अजिबात हसला नाही. म्हणाला, "ताई, हातात जे आहे त्याची पूजा करायची."

तर केरिस. मलय लग्नात नवरदेव एका दिवसाचा राजा असतो. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. त्याला जरीचं वस्त्र, डोक्याला घडीचा फेटा, बसायला सिंहासन, आणि कमरेला केरिस. केरिस नसेल तर तो जरीचे कपडे घातलेला पोरगा.

मुलाला त्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, "इट्स ओके, आंटी. ड्रॅगन मार्टमध्ये प्लास्टिकची मिळते." खरंच मिळते. मी जाऊन पाहिली. पस्तीस दिरहम, म्हणजे आठशे रुपये झाले की, आणि वळणं आठ. आठ! तोकांना मी ते सांगितलंच नाही.

मग माझ्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की लिफ्टमध्ये एकटीच हसले. नियमाला एक फट आहे. केकची सुरी. नवरा-नवरी पुष्कळदा आपली खास सुरी आणतात, रिबीन बांधलेली, हातभर लांब. ती "केकचे साहित्य" या सदरात येते आणि सुभेदाराने तपासून शिक्का मारला की चालते. मी कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं: केक कापण्याची पारंपरिक सुरी, एक नग. माझ्या डोळ्यांना ते अगदी बरोबर वाटलं. सांगितलं ना, पातं दिसलं की मला आकडा दिसतो. सहाशे साठ अधिक एक.

सुभेदार तपासणीला यायचं म्हणाला. वस्तू हॉटेलात आणायची नाही, तोच तिच्याकडे येणार. असा तो काटेकोर. रविवारी दुपारी तो इंटरनॅशनल सिटीत आला, सुट्टी असून गणवेशात, काखेत फाइल, खिशात मोजपट्टी. शेजारणीने चहा ठेवला, मी फुगे तळून नेले. तोक जमिनीवर चटईवर बसले होते आणि केरिसला आंघोळ घालत होते. खरंच आंघोळ. ताटात लिंबाचा रस, त्यात पातं, आणि अर्ध्या लिंबाने वरून खाली, एकाच दिशेने. सुभेदार दारातच बूट काढून उभा राहिला. त्याला बूट काढायला कोणी सांगितलं नव्हतं.

"लांबी घ्यावी लागेल," तो म्हणाला आणि मोजपट्टी काढली.

तोकांनी मान हलवली. पट्टी नाही. त्यांनी पातं फडक्याने पुसलं, दोन्ही हातांचे अंगठे आडवे केले, आणि एकापुढे एक असे ठेवत टोकापर्यंत गेले, प्रत्येक अंगठ्याला तोंडात काहीतरी पुटपुटत. शेजारणीने आम्हाला समजावलं: केरिस इंचात मोजत नाहीत. ज्याची ती असते त्याच्या अंगठ्यांनी मोजतात. शेवटचा अंगठा कुठल्या शब्दावर पडतो त्यावरून कळतं की ही याला लाभेल की नाही.

सुभेदाराने फाइल उघडली. लांबीच्या रकान्यापुढे लिहिलं: अठरा अंगठे. मी डोळ्यांनी पाहिलं. मग पेन वर करून त्याने हिंदीत विचारलं, "धार है ना? केक ठीक से कटेगा?"

शेजारीण ते भाषांतर करताना अडखळली. मग म्हणाली. मलयमध्येही केकला केकच म्हणतात, तेवढा शब्द मला ऐकू आला.

तोकांचा हात थांबला. त्यांनी केरिस म्यानात घातली, म्यान पिवळ्या कापडात गुंडाळलं, कापडाला गाठ मारली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग ते माझ्याकडे वळून जे बोलले ते शेजारणीने मान खाली घालून सांगितलं: "केरिस कापत नाही. ती भोसकते. आणि माझ्या हयातीत तीही वेळ आलेली नाही. तुझी चूक नाही. तू सुऱ्या मोजणारी आहेस."

अपमान म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि मीच केला होता, रिबीन बांधून.

"म्हणजे ही केकची सुरी नाही?" सुभेदाराने मला मराठीत विचारलं.

"नाही."

"ताई, मग तुम्ही मला खोटं लिहून दिलंत."

"दिलं."

त्याने फाइल बंद केली. "मग परवानगी नाही." पण तो उठला नाही. चहा संपायचा होता. आणि तोक बोलायला लागले होते, कुणाकडे न बघता, आणि शेजारीण वाक्यावाक्याला इंग्रजी-हिंदीत सांगत होती.

एके काळी त्यांच्याकडे प्रत्येक पुरुषाच्या कमरेला केरिस असे, जशी आपल्याकडे डोक्याला टोपी. तेव्हाही मनाई होतीच; सोन्याची मूठ फक्त राजघराण्याने वापरायची, साध्या माणसाने वापरली तर शिक्षा. मनाई काही परक्यांनीच शोधून काढली असं नाही. मग इंग्रज आले. पेराकमध्ये त्यांचा एक अधिकारी मारला गेला, त्यानंतर फौज आली, गावं पेटली, घरं धुंडाळली गेली आणि सांगण्यात आलं की यापुढे रस्त्यावर कोणी शस्त्र बाळगायचं नाही. कोयता चालेल. कोयत्याने रान तोडतात, नारळ फोडतात. ज्याने खरोखर डोकं उडतं तो कोयता चालेल, कारण तो कामाचा. आणि केरिस चालणार नाही, कारण ती लावून माणूस ताठ चालतो.

(इथे मला माझी विळी आठवली. आणि माझ्या सहाशे साठ सुऱ्या. मी फुग्यांची बशी उगाचच सरकवली.)

"माझ्या आजोबांचं लग्न," तोक म्हणाले. "वरात नदीवरच्या पुलापाशी आली. साहेब तिथे घोड्यावर. त्याने विचारलं, हा कोण? आमचे म्हातारे म्हणाले, हा आज राजा. साहेब हसला आणि शिपायांना म्हणाला, राजाची झडती घ्या. सगळ्या गावासमोर, नवरीच्या बापासमोर, शिपायांनी राजाच्या कमरेला हात घातला. जरी सोडली. खाली बघितलं."

"सापडली?" सुभेदाराने विचारलं.

"नाही. केरिस आत्याच्या डोक्यावरच्या तांदळाच्या टोपलीत होती. सिंहासनावर बसल्यावर आजोबांनी ती खोचली. सगळे हसले, जिंकलो म्हणाले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी आयुष्यभर सांगितलं: केरिस वाचली, पण राजाच्या कमरेला हात लागला." तोकांनी पिवळ्या गाठोड्यावर तळवा ठेवला. "पुढे दिवस बदलले. माझ्या बापाने ती उघड लावली. मी उघड लावली, पुढच्या दाराने गेलो. आता माझ्या नातवाने ती केकखाली लपवून न्यायची? मग प्लास्टिकची न्या. प्लास्टिकला लाज वाटत नाही."

मुलगा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता, कानातले हेडफोन काढून. त्याने ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. आपल्या मुलांना आपण सगळं देतो आणि हे सांगायचं राहून जातं.

सुभेदाराने कप खाली ठेवला. तोकांना हिंदीत विचारलं, "तेल कौनसा लगाते हो?"

"चंदनाचं," शेजारणीने सांगितलं.

"रोज?"

"शुक्रवारी."

तो मान हलवत राहिला. मग मला म्हणाला, "आमच्याकडं पण एक तलवार आहे. पणजोबाची. गंजली." आणि बूट घालता घालता, "नियम आहे ताई. मी काही करू शकत नाही."

"सुभेदार, झेंडूचं फूल कमानीला वाहता ना?"

"नियम आहे," तो पुन्हा म्हणाला आणि जिना उतरून गेला; लिफ्ट असताना.

त्या रात्री मला झोप लागली, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तळमळले. सकाळी उठून मी ऑफिसात गेले आणि कार्यक्रमाचा कागद नव्याने लिहिला. केकच्या सुरीची ओळ खोडली. तिसऱ्या पानावर, पाहुण्यांच्या वस्तूंच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरांत लिहिलं: नवरदेवाच्या कमरेला केरिस, एक. धातूची. खरी. टोकदार. प्रयोजन: नवरदेव राजा आहे. प्रवेश: पुढच्या दाराने. खाली माझी सही, आणि सहीखाली हुद्दा, म्हणजे कोणाला काढायचं ते शोधायला नको.

असा कागद सगळ्या विभागांना जातो. किचन, लाँड्री, साउंडवाले, सिक्युरिटी, जनरल मॅनेजर. तिसऱ्या पानापर्यंत बावीस वर्षांत कोणी पोचलेलं नाही. सुभेदार सोडून. सुभेदार पानांची पिनसुद्धा वाचतो. प्रत्येक विभागाची सही होऊन कागद परत आला; सिक्युरिटीचा चौकोन तेवढा रिकामा. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही.

शेजारीण मला म्हणाली, "तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "गेली तर वसईला जाऊन विळीवर बसेन." आवाज जरा मोठाच लागला. पण कागद मागे घेतला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या लग्नात हळू चालले आहे, भिंतीच्या कडेने, काळ्या ब्लेझरमध्ये. एकदा तरी मध्यातून चालायचं होतं.

शनिवार उजाडला. सहाशे साठ सुऱ्या मोजून मांडल्या. सिंहासन पिवळं, आणि लिली कुठेच नाही. बाराच्या सुमारास बाहेरच्या गल्लीतून डफांचा आवाज आला. त्यांच्याकडे वरातीपुढे हातात धरायचे चपटे डफ वाजवतात, दहाबारा जण, एका ठेक्यात, असा ठेका की वेटरच्या हातातले पेले थरथरतात. आणि डफांच्या मागे तो आला. तोच, हेडफोनवाला. जरीचं वस्त्र, फेटा, आणि कमरेला, उघड, पोटाच्या डावीकडे, पक्ष्याच्या मानेसारखी मूठ. शेजारीण एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तोक, ताठ.

कमानीपाशी सुभेदार उभा. गणवेशाची इस्त्री अशी की बोट कापेल. शेजारी त्याचा नवा शिपाई, हातात तपासणीची दांडी.

मी कमानीला लागूनच होते; मध्ये जाऊन उभी राहू शकले असते. गेले नाही. हे दार माझं नव्हतं, तोकांचं होतं.

नवरदेव कमानीखालून आला. कमान किणकिणली. डफ थांबले, एकेक करत, शेवटचा जरा उशिराने. दोनशे वीस माणसं वळून बघू लागली.

"सर," नवा शिपाई नम्रपणे नवरदेवाला म्हणाला, "प्लीज, दॅट वन, रिमूव्ह."

मुलाने आजोबांकडे पाहिलं नाही, आईकडे नाही, माझ्याकडे नाही. समोर बघत म्हणाला, "नो."

एवढंच. आयुष्यात मी पहिल्यांदा त्याच्या इंग्रजीवर खूश झाले.

शिपायाने सुभेदाराकडे पाहिलं. सुभेदार मुठीकडे बघत होता. तोकांचा हात नातवाच्या पाठीमागे होता, टेकवलेला नाही, नुसता धरलेला, पडलं तर सावरायला. आणि नेमके तेव्हा आमचे जनरल मॅनेजर लॉबीतून आले. डफ ऐकून कौतुकाने आले असतील. त्यांनी कमान पाहिली, लाल दिवा पाहिला, थांबलेली वरात पाहिली, आणि अगदी सौम्य आवाजात, जसं हवामान विचारावं तसं, सुभेदाराला विचारलं, "हॅव यू सर्च्ड हिम?"

शेजारणीने माझं मनगट धरलं. तिने ते वाक्य भाषांतरित केलं नाही, पण तोकांसाठी ते करावं लागलंच नाही. इंग्रज माणसाच्या तोंडून तो शब्द त्यांच्या घरात तीन पिढ्या सांगितला गेला होता. त्यांची हनुवटी किंचित वर झाली. मी तोंड उघडलं, तिसऱ्या पानाबद्दल बोलायला, सहीबद्दल, जबाबदारी माझी म्हणायला.

सुभेदाराच्या मानेवर रक्त चढताना मला दिसलं, कॉलरपासून कानापर्यंत. टाचा जुळल्या. त्याने शिपायाच्या हातातली दांडी काढून घेतली, आपल्या पाठीमागे धरली, कमानीच्या बाजूला एक पाऊल सरकला, आणि जनरल मॅनेजरच्या डोळ्यांत बघत, सगळ्या बॉलरूमला ऐकू जाईल अशा परेडच्या आवाजात म्हणाला, "राजाची झडती घ्यायला मी काय इंग्रज हाय व्हय?"